दोन जावा, एक पंप

“तिले सांगा, काल तिनं तीन ओढले. ठरले होते दोन.”

शालूकाकू हे आमच्या मेडिकलमधल्या वजनकाट्याकडे पाहून म्हणाल्या. ज्यांच्याबद्दल म्हणाल्या, त्या मंदाकाकू त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभ्या होत्या आणि खोकल्याच्या गोळ्यांच्या बरणीकडे पाहत होत्या.

“त्यायले सांगा,” मंदाकाकू बरणीला म्हणाल्या, “पोळ्या मोजा म्हणा. दुसऱ्याचा श्वास काहून मोजता?”

“दोघींत एक पंप आहे म्हणा. मोजाच लागते.”

“मंग माह्या खोकल्यालेही सांगा म्हणा, मोजून येत जाय.”

एवढं झाल्यावर दोघींनी माझ्याकडे पाहिलं. निरोप पोचवायचं काम माझं होतं. दोघींना एकमेकींचं सगळं ऐकू आलं होतं, पण रीत म्हणजे रीत. मी अशा वेळी जे करते तेच केलं. खाली वाकले आणि रबरबँड शोधू लागले.

शालूकाकू थोरली जाऊ, मंदाकाकू धाकटी. रायपूरच्या पुरानी बस्तीत एकाच घरात राहतात, थोरली खाली, धाकटी वर. तेव्हा त्यांना एकमेकींशी बोलणं सोडून नऊ वर्षं झाली होती. अबोला कशावरून, असं विचारलं तर शालूकाकू म्हणतात, पुरणयंत्रावरून. मंदाकाकू म्हणतात, पुरणयंत्र कधीच दिलं परत, अबोला थोरलीच्या चढ्या आवाजावरून आहे. दोघींनाही दमा आहे. आणि दोघींत मिळून, त्या काळात, एक निळा पंप होता, म्हणजे इनहेलर.

मी पाच वर्षं त्यांच्याच गल्लीच्या तोंडावरच्या मेडिकलमध्ये फार्मासिस्ट आहे. आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादिकाबाई म्हणाल्या, डॉक्टर लोक दर वर्षी लिहितात, यंदा काउंटरच्या पलीकडचं कोणी लिहा. मी काउंटरच्या अलीकडे असते की पलीकडे, हे ठरवण्यात माझे दोन दिवस गेले. माझं शिक्षण सगळं इंग्रजीत. घरी आईचा एकच नियम होता, मराठी माणसाशी मराठीतच बोलायचं. माझा भाऊ मराठी प्रश्नाला हिंदीत उत्तर देतो. मी तसं कधी करत नाही. मी उत्तरच देत नाही.

दुकानाचे मालक साहू भैया लोकांना सांगतात, “हमारी फार्मासिस्ट बहुत होशियार है. बस, म्यूट पे रहती है.” म्हणून मी चिठ्ठ्या लिहिते. किती वाजता, जेवणाआधी की नंतर, कशाबरोबर घेऊ नये, सगळं चिठ्ठीवर. गिऱ्हाईक चिठ्ठी खिशात घालतं, मग शर्टाबरोबर ती धुतली जाते, मग ते परत येतं आणि मी दुसरी लिहिते. असा आमचा कारभार.

दम्याच्या औषधांनी मात्र माझ्या चिठ्ठ्यांचं काही चालू दिलं नाही. तापाची गोळी माणूस नेतो, गिळतो, विषय संपतो. पंपाचं तसं नसतं. पंप कसा घ्यायचा ते हातात धरून दाखवावं लागतं, मग त्याच्याकडून करवून घ्यावं लागतं, आणि महिन्याभराने पुन्हा करवून घ्यावं लागतं, कारण तोवर त्याने स्वतःची पद्धत शोधलेली असते. आणि आमच्या गिऱ्हाइकांच्या पद्धती! मी पाच वर्षांत जितकी हसले, त्यातली निम्मी या पंपांमुळे हसले. हसायला मी मागे जाते, सलाइनच्या खोक्यांमागे. समोर हसत नाही.

सिलतऱ्याला, कारखान्यांच्या भागात, लोखंडाच्या भट्टीवर काम करणारे एक भैया आहेत. त्यांना डॉक्टरांनी पंपाऐवजी पावडरीच्या कॅप्सूल दिल्या होत्या, कारण त्या स्वस्त पडतात. ती कॅप्सूल एका मुठीएवढ्या यंत्रात ठेवायची असते. यंत्र फिरवलं की ती आत फुटते, मग तोंड लावून पावडर जोरात ओढायची. तीन आठवड्यांनी भैया आले.

“दीदी, कुछ फ़ायदा नहीं. ऊपर से पेट में गुड़गुड़ होता है.”

मी भुवया उंचावल्या. भुवयांवर माझं बरंच काम भागतं.

“बराबर लेता हूँ, दीदी. सुबह एक, शाम को एक. पानी के साथ.”

“और मशीन?” मी पुटपुटले.

“कौन मशीन?” त्यांनी खिसे चाचपले आणि चेहरा उजळला. “अच्छा, ये! इसमें सौंफ रखता हूँ. ढक्कन बढ़िया है इसका.” मग त्यांनी ढक्कन उघडून यंत्र माझ्यापुढे धरलं. “लो न दीदी, सौंफ खाओ.”

मी बडीशेप घेतली. मग सलाइनच्या खोक्यांमागे गेले.

एक निवृत्त गृहस्थ आंघोळीनंतर पंप उघड्या छातीवर मारत. एक डावीकडे, एक उजवीकडे, अत्तरासारखा. “छाती का रोग है, तो छाती पे ही लगेगा न?” फायदा होतो का, असं विचारलं तर म्हणाले, “ठंडा लगता है.” गोल बाजारात ज्यांचं भांड्यांचं दुकान आहे त्या भाभी पंप संपला का, हे पाण्यात टाकून पाहायच्या. तरंगला तर रिकामा, बुडाला तर भरलेला. भांडी घरचीच, त्यामुळे कधी पातेल्यात, कधी परातीत, आणि भांड्यागणिक निकाल वेगळा. पाण्याने हे काही कळत नाही. पंपाच्या मागे आकडा असतो तो पाहायचा, नसेल तर किती घेतले ते कॅलेंडरवर रेघा मारून मोजायचं. मी त्यांना तशी चिठ्ठी दिली. त्यांनी तीही बहुधा पातेल्यात टाकली असावी.

‘पंप’ हा शब्द आमच्याकडे हळू आवाजात उच्चारतात. पंप लागला म्हणजे माणूस गेलाच जणू. मुलीचं लग्न ठरायचं असेल तर आई पंप वर्तमानपत्रात दोनदा गुंडाळून नेते. पंपाची सवय लागते, हेही सगळ्यांना ठाऊक असतं. त्यापेक्षा गोळी बरी, त्यापेक्षा इंजेक्शन बरं. खरं म्हणजे पंपाचं औषध थेट फुप्फुसात जातं, त्यामुळे ते अगदी थोडं पुरतं. गोळीचं सगळ्या अंगभर फिरून मग छातीत पोचतं. सवय त्याची लागत नाही, दमा असतो म्हणून ते रोज लागतं. चष्म्याची सवय लागेल म्हणून कोणी आंधळेपणाने रस्ता ओलांडत नाही.

आता दोन पंपांतला फरक, तोही एकदा सांगून टाकते. आमच्या गच्चीवर रोज सिलतऱ्याकडून आलेली काळी धूळ बसते. रायपूरकर समजून घेतील. घरात गुदमरलं की आपण खिडकी उघडतो. निळा पंप म्हणजे ती खिडकी. पटकन बरं वाटतं. पण धूळ जागची हलत नाही. तिला रोज सकाळी पुसावंच लागतं, दिसो न दिसो. रोजचा पंप, जो बहुधा तपकिरी किंवा तत्सम रंगाचा असतो, ते पुसण्याचं काम करतो. त्याने लगेच काही वाटत नाही, म्हणून लोक तो सोडून देतात आणि खिडक्या उघडत बसतात. निळा पंप जर वारंवार लागत असेल, तर धूळ वाढली आहे असं समजावं आणि डॉक्टरांकडे जावं.

मंदाकाकूंना निळा पंप वारंवार लागत होता. मला ते कळत होतं. पंप दोघींचा असला तरी तो संपण्याचा वेग एकटीचा होता. शालूकाकू खरंच मोजून दोन ओढत. मंदाकाकू गोल बाजारातल्या दुकानांसाठी साड्यांना फॉल लावतात, दिवसभर नव्या कापडाची धूळ. जिना चढून वर पोचल्या की आधी बसतात, मग कुलूप उघडतात. त्यांना रोजचा पंप लागणार, हे स्पष्ट होतं. आणि त्यांना तो परवडणार नाही, हे त्यांच्यापुरतं त्याहून स्पष्ट होतं.

त्यांचा पंप खाली-वर कसा जाई, ते मी एकदा मुद्दाम बघून आले. वरच्या गॅलरीतून दोरीला भाजीची पिशवी सोडलेली. पिशवीला देवघरातली जुनी घंटी. वरून पंप हवा असला की मंदाकाकू दोरी हलवत, घंटी वाजे, शालूकाकू पंप पिशवीत ठेवत आणि तोंड फिरवून उभ्या राहत, म्हणजे दिलं असंही झालं आणि बोललं नाही असंही झालं. सगळ्या पाऱ्याला, म्हणजे मोहल्ल्याला, घंटीचा अर्थ माहीत होता. शेजारची पोरं ती वाजवून पळून जात.

हे मजेशीर होतं आणि ते चालू द्यायला नको होतं. एकाच्या तोंडचा पंप दुसऱ्याने घेऊ नये. एकीला लागणारं औषध आणि त्याचं प्रमाण दुसरीला लागू पडेलच असं नाही. आणि दम्याचा झटका येतो तेव्हा पंप कुठल्या मजल्यावर आहे हे तो विचारत नाही. हे सगळं मला इंग्रजीत तोंडपाठ होतं, परीक्षेत लिहिलं होतं, मार्क मिळाले होते. मी ते काउंटरवर एकदाही बोलले नाही. याची मला आजही लाज वाटते.

मग एका दिवाळीच्या साफसफाईत, भर दुपारी, मंदाकाकूंनी माळ्यावरची गोधड्यांची पेटी उघडली आणि त्यांना धाप लागली. दोरी हलली, घंटी वाजली, शालूकाकूंनी पंप पिशवीत ठेवला, आणि पिशवी अर्ध्यावर केबलच्या तारेत अडकली. वर मंदाकाकू ओढताहेत, खाली शालूकाकू काठीने ढोसताहेत, पिशवी गोल गोल फिरते आहे, घंटी वाजतेच आहे. शेजारी म्हणाले, आम्हाला वाटलं पोरंच.

पुढचं मला शालूकाकूंनीच दुसऱ्या दिवशी सांगितलं, तक्रार म्हणून.

“मले जिना चढा लागला न बाई. अठरा पायऱ्या. काठीनं पिशवी तोडली, पंप घेतला अन् गेली वर. गुडघे गेले माहे.”

“आणि मंदाकाकू?”

“भिंतीले टेकून बसली होती. बोलताच येत नव्हतं तिले.” त्यांनी चष्मा पदराने पुसला. “तशीही बोलत नाही म्हणा.”

“मग?”

“मंग काय. पंप हातात देला. चार-पाच वेळा ओढला तिनं. बरी झाली. मी आली खाली. वर गेली होती हे सांगू नको कोणाले.”

त्या दिवशी मी पहिल्यांदा त्यांच्याशी चिठ्ठीशिवाय एक वाक्य बोलले. “काकू, दोघींना दोन पंप पाहिजेत.”

“पैसे तुही माय देईल?” शालूकाकू प्रेमाने म्हणाल्या.

म्हणून मी पुन्हा चिठ्ठीवर गेले. त्यांना ज्या कंपनीचा पंप माहीत होता, तो महागातला. त्यातलं औषध दुसऱ्या नावाने बरंच कमी किमतीत मिळतं. मी औषधाचं मूळ नाव लिहिलं, तुमच्या डॉक्टर मॅडमना हेच नाव लिहून द्यायला सांगा असं लिहिलं, आणि दोन चौक पुढच्या स्वस्त औषधांच्या दुकानाची खूण लिहिली. आमच्याकडे तेव्हा ती ठेवत नव्हते. म्हणजे मी मालकाच्या काउंटरवर, मालकाच्या कागदावर, मालकाच्या पेनाने गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात पाठवत होते. हे काम कोणाला कळणार नाही अशा बेताने करायचं होतं.

शालूकाकूंनी चिठ्ठी चष्म्याजवळ नेली, दूर नेली, आणि सरळ साहू भैयांच्या हातात दिली. “भैया, ये ज़रा पढ़ के बताना. तुम्हारी पोट्टीने क्या लिखा, अक्षर बारीक है.”

भैयांनी ती मोठ्याने वाचली. पूर्ण. खुणेसकट. मी तोपर्यंत सलाइनच्या खोक्यांमागे होते.

“बेटा,” भैयांची हाक आली. मी आले. त्यांनी चिठ्ठी उलटी करून पाहिली, सुलटी करून पाहिली. “हैंडराइटिंग अच्छी है.”

दुसऱ्या दिवशी ते स्वतःच त्या औषधांची दोन खोकी घेऊन आले. “ग्राहक आज दवा के लिए वहाँ जाएगा, तो कल बिस्कुट भी वहीं से लेगा. मेरे को क्या बुद्धू समझी है?” मी मान हलवली. नाही म्हणून हलवली, पण त्यांना ती कशी दिसली कोण जाणे. ते हसत सुटले.

दोघी जावा डॉक्टर मॅडमकडे गेल्या. वेगवेगळ्या रिक्षांनी. परत आमच्याकडे आल्या तेव्हा दोघींच्या कागदावर आपापला निळा पंप होता, आणि मंदाकाकूंच्या कागदावर शिवाय रोजचा. मी ते काढून दिले. किंमत पाहून मंदाकाकूंनी तीनदा विचारलं, “खरंच एवढ्यातच?” पंप त्यांनी पदरात बांधला, गाठ मारली, आणि पुन्हा काउंटरवर सोडला. “डॉक्टरीणबाईनं लय घाईत सांगितलं, तेही हिंदीत. मी म्हटलं, आपली मराठी पोट्टी आहे न, तिलेच विचारू. हा कसा घ्यायचा सांग.”

मला ते फार आवडलं. ‘आपली मराठी पोट्टी.’ दुकानात इतर कोणालाही मी हे हिंदीत समजावते. हिंदीत मला हे येतं, दोन-चार शब्द आणि हाताच्या खुणा, रोज करते. पण आईचा नियम होता आणि मंदाकाकूंचा विश्वास होता, तर मी ठरवलं, अस्सल मराठीत सांगायचं, एकही परका शब्द न घेता. डोक्यात इंग्रजी सूचना उभ्या राहिल्या आणि मी त्यांचं एकेक करून मराठी केलं. पंप हलवा. तोंडात धरा. दाबा. पुढचा शब्द क्षणभर अडला आणि मग अगदी छान, ठसठशीत सुचला.

“दाबा, काकू, आणि दम धरा.”

“बस्स?”

“दम धरा. मग चूळ भरा.” चूळ महत्त्वाची असते. रोजच्या पंपाचं औषध तोंडात राहिलं तर जीभ पांढरी पडते, घसा धरतो. मी चुळीवर फार भर दिला. काकूंनी मान डोलावली. मी त्यांच्याकडून एकदा करवून घेतलं नाही. रांग होती, आणि मी माझ्या मराठीवर खूष होते.

पुढचे तीन आठवडे मंदाकाकू नेमाने पंप घेत होत्या आणि त्यांना काडीचा फरक पडला नाही. निळा पंप तसाच धडाधड संपत होता. पारा बोलू लागला. स्वस्तातलं आहे ते. साहू भैयाने कुठून तरी आणलं. मी पाकिटावरचा बॅच क्रमांक, तारीख, कंपनी, सगळं पुनःपुन्हा वाचलं. औषधात काही खोट दिसेना. दुकानात माझ्या चिठ्ठ्यांवरून स्वस्त औषधं नेणारे दहा-बारा जण झाले होते. ते आता पाकीट हातात घेऊन उजेडात धरून पाहत.

एका शनिवारी संध्याकाळी दुकान गच्च भरलेलं असताना मंदाकाकू आल्या. त्यांनी पदराची गाठ सोडली आणि रोजचा पंप काउंटरवर ठेवला.

“हे घे बाई तुह्यं. काहीच दम नाही याच्यात. मी आपली निळ्यावर राहीन, जितकं राहता येईल तितकं.”

एवढं बोलायला त्यांना दोनदा थांबावं लागलं. मागे सिलतऱ्याचे भैया होते. तेही आता स्वस्तातल्या कॅप्सूल घेत, आणि आता यंत्रातून घेत. त्यांनी हातातलं पाकीट माझ्यासमोर सरकवलं. “दीदी, ये वाला नकली है क्या? सही बताना.” त्यांच्यामागे आणखी दोघांनी पिशव्यांत हात घातले.

मी पंप उचलून मंदाकाकूंपुढे धरला आणि हाताने खूण केली. करून दाखवा.

“आता इथं?”

मी पुन्हा खूण केली.

मंदाकाकूंनी पंप छान हलवला. आ केला. पंप तोंडात धरून दाबला. फुस्स आवाज झाला. मग त्यांनी पंप तोंडातून काढला, तोंड मिटलं, दोन्ही हात पदरावर जुळवून ठेवले आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे शांतपणे पाहत बसल्या. कपाटात ठेवलेल्या मूर्तीसारख्या. अख्खं दुकान बघत होतं. काहीच होईना.

“काकू,” मी कुजबुजले, “काय करून राहिल्या?”

मंदाकाकूंनी बोटाने थांब अशी खूण केली. ओठ हलत होते. जप चालला होता. मग म्हणाल्या, “दम धरून राहिली न. तूच तं सांगतलं. निळा ओढायचा असते, हा दाबून दम धरायचा असते. मी एक माळ दम धरते. मंग चूळ भरते.”

माझ्या डोक्यात सगळा हिशेब एका झटक्यात लागला. श्वास रोखा असं म्हणायचं होतं, आणि मी म्हटलं होतं, धीर धरा. आणि ओढा तर म्हटलंच नव्हतं. काकू तीन आठवडे औषध जिभेवर मारत होत्या, शांतपणे एक माळ वाट पाहत होत्या, आणि मग सगळंच्या सगळं औषध चूळ भरून नालीत सोडत होत्या. पुरानी बस्तीतल्या त्या नालीला या जन्मात दमा होणार नाही.

तेवढ्यात दाराशी खुसखुस झाली. शालूकाकू तोंडाला पदर लावून हसत होत्या. बहुधा त्या बराच वेळ उभ्या होत्या.

“मले तं पहिल्या दिवसापासून माहीत आहे,” त्या वजनकाट्याला म्हणाल्या. “रोज गॅलरीत बसून हेच करते. मले डॉक्टरीणबाईनं दाखवलं होतं, साँस रोकिए, साँस रोकिए. मी खालून पाहून राहिली, हे काय नवीन व्रत आहे.”

“मंग सांगितलं काहून नाही!” मंदाकाकू गर्रकन वळल्या.

“सांगू कशी? आपलं बोलणं नाही!”

दोघींच्याही लक्षात आलं की काय झालं. शालूकाकू घाईघाईने वजनकाट्याकडे वळल्या, मंदाकाकू बरणीकडे. पण झालं ते झालं होतं, आणि ऐकायला साक्षीदार भरपूर होते. साहू भैया म्हणाले, “लो, नौ साल बाद नेटवर्क आया.”

मंदाकाकूंचं पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकते, कारण शेवटी मला दुसरं काही सांगायचं आहे. त्यांनी रोजचा पंप ओढून घ्यायला सुरुवात केली. डॉक्टर मॅडमनी पंपापुढे लावायचा प्लास्टिकचा फुगीर नळा दिला, म्हणजे दाबणं आणि ओढणं यांची घाई राहत नाही. तो साबणाच्या पाण्यात धुवून तसाच निथळत ठेवायचा असतो, फडक्याने पुसायचा नसतो. महिन्याभरात त्या वर पोचल्यावर आधी कुलूप उघडू लागल्या. निळा पंप इतका कमी लागतो की मागच्या खेपेला तो संपला म्हणून बदलला नाही, तारीख उलटली म्हणून बदलला. बरं वाटायला लागल्यावर त्यांनी रोजचा बंद करायचा घाट घातला होता. मी काउंटरवरून फक्त भुवया उंचावल्या, आणि त्या म्हणाल्या, “बरं बाई, घेते.”

जावांचा अबोला अजून आहे. फक्त रोज सकाळी मंदाकाकू गॅलरीत पंप ओढतात आणि शालूकाकू खालच्या दारात उभ्या राहून मोठ्याने एक ते दहा म्हणतात, त्यांना श्वास रोखून धरता यावा म्हणून. मी विचारलं, हे बोलणं नाही का? दोघींनी वेगवेगळ्या दिवशी मला एकच उत्तर दिलं. “छे. ते मोजणं होय.”

आता त्या शनिवारचं राहिलेलं.

मंदाकाकू बरणीकडे पाहत होत्या. त्यांचा पंप अजून काउंटरवरच होता, सिलतऱ्याच्या भैयांचं पाकीटही. मागे लोक आपापसांत बोलत होते, आणि ‘नकली’ हा शब्द मला तीनदा ऐकू आला. हे सगळे जण आपापलं औषध इथे ठेवून घरी जाणार, काही जण महागातलं अर्ध्या महिन्याचं घेणार, काही जण काहीच घेणार नाहीत, आणि मंदाकाकू निळ्यावर राहणार. चिठ्ठी लिहून हे निस्तरणार नव्हतं. चिठ्ठी एकाला देता येते, दुकानाला देता येत नाही. सलाइनची खोकी माझ्या मागे चार पावलांवर होती. मला आतून भयंकर हसू येत होतं, पण मी त्या बाजूला वळले नाही.

मी औषधांच्या खालच्या खणावर पाय दिला आणि काउंटरच्या वर आले. साहू भैयांनी पंखा बंद केला. का केला, ते मी त्यांना अजून विचारलेलं नाही.

आणि माझा आवाज, जो मी स्वतः क्वचितच ऐकला आहे, गल्लीच्या पार पलीकडे ऐकू गेला असं नंतर लोक सांगतात:

“औषध अस्सल आहे! नकली माझं मराठी होतं! मंदाकाकू, दम धरू नका, ओढा!”